बसवलेला पार्ट नकली होताच, पण काढलेला गेला कुठे?

मोठ्या बाईकवर काम करून घेताना आपलं सगळं लक्ष नव्या पार्टकडे असतं. ओरिजिनल आहे की कॉपी, दुसरीकडे कितीला मिळतो, बसला की दिसेल कसा. गॅरेजवाल्याचं लक्ष त्याच वेळी गाडीवरून उतरणाऱ्या मालाकडे असतं. मला दोन्हीकडून फसवलं गेलं आणि त्यात उतरलेल्या मालाचं दुखणं मोठं निघालं. नकली पार्टांबद्दल सगळेच सांगतात, उतरलेल्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी कावासाकी निंजा १०००, २०१८ चं मॉडेल. १०४३ सीसी, चार सिलिंडर, दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर. नाव निंजा असलं तरी ही काही ट्रॅकवर वाकून चालवायची गाडी नाही. बऱ्यापैकी सरळ बसता येतं, पुढची काच कमीजास्त तिरकी करता येते, बाजूंना २८ लिटरच्या दोन पेट्या लागतात. पुण्याहून कोकण, गोवा, हंपी असं आमचं दोघांचं फिरणं चालू असतं. बायको मागे, पेट्या भरलेल्या, अशा वेळी मागचा शॉक (शॉक ॲब्सॉर्बर) दबतो आणि मोठ्या खड्ड्यात गाडी खाली टेकल्यासारखी वाटते. कंपनीने प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा दाब, वाढवायला बाहेर नॉब दिलाय. दोघांच्या वजनाला तो कुठवर फिरवायचा ते लक्षात राहावं म्हणून बायकोने त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. हा ठिपका लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर मागचा शॉक बदलायचा ठरला. गाडी उघडतेच आहे तर चेन-स्प्रॉकेट, पुढच्या ब्रेकला स्टीलच्या जाळीच्या लाइन (ब्रेक ऑइलच्या नळ्या) आणि सायलेन्सरही करून घेऊ, असं करत यादी वाढली. गॅरेज हायवेलगतचं. काचेचं दार, चकचकीत फरशी, भिंतीला इटालियन कंपन्यांचे बॅनर. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. मालक बोलायला गोड. ‘सर, तुम्ही कशाला टेन्शन घेता? गाडी घरची समजा.’

कोटेशन व्हॉट्सॲपवर आलं. बिलाचं विचारलं तर नेहमीचंच उत्तर: ‘पक्कं बिल पाहिजे तर अठरा टक्के वर लागतील.’ दुचाकीच्या पार्टांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरी आकडा सोडला तर हे वाक्य काही बदललेलं नाही. हे अठरा टक्के म्हणजे सरकारला जाणारा फुकटचा भुर्दंड, असं आपल्याला वाटत असतं. खरं तर कुठल्या कंपनीचा, कुठल्या नंबरचा पार्ट आपल्याला विकला याचा तेवढा एकच कागद असतो. माझ्याकडे जीपेच्या पावत्या होत्या आणि त्यावर फक्त रक्कम.

गाडी सोडून ऑफिसला गेलो. दुपारी मीटिंगमध्ये असताना व्हिडिओ आला. टेबलावर माझा शॉक, त्याच्या दांड्यावरून कुणीतरी फडकं फिरवतंय आणि फडक्यावर तेल. मागोमाग फोन. ‘सर, सील गेलंय. याचं रिपेअरिंग होत नाही, भंगारच आहे. तरी तुमच्यासाठी आठ हजार कमी करतो. सायलेन्सरपण घरात कुठं ठेवणार, अडगळ होते. एक्स्चेंजला लावतो.’ गाडी खोललेली, चाक निघालेलं, आपण दहा माणसांत बसलेलो. असे फोन बरोबर अशाच वेळी येतात. मी हो म्हटलं. व्हिडिओत शॉकचं तेल आणि चेनवर मारायचं ल्यूब सारखंच चमकतं. आदल्या रविवारी मी स्वतः गाडी धुतली होती, तेव्हा तो दांडा कोरडा ठणठणीत होता.

गाडी मिळाली तेव्हा मागे सोनेरी शॉक झळकत होता, महागडे शॉक बनवणाऱ्या ओहलिन्स कंपनीचं पिवळं-निळं स्टिकर, बाजूला तेलाची डबी, फिरवायला दोन नॉब. ताम्हिणीत गेलो आणि पहिल्याच खराब पट्ट्यात काय ते कळलं. खड्डा गेला की मागचं चाक एकदा दबून परत जागेवर यायला हवं. ही गाडी बाळाच्या झोळीसारखी झुलतच राहायची. दोन्ही नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघितले, फरक शून्य.

सस्पेन्शनचंच काम करणाऱ्या एका कारागिराने शॉक उघडला. बाजूच्या डबीत नायट्रोजन दाबाखाली भरलेला असतो आणि तेल व वायू वेगळे ठेवायला मध्ये सरकता पिस्टन असतो. त्या दाबामुळे तेलाला फेस येत नाही, आणि तेलाला फेस आला की शॉक झटका जिरवायचं थांबवतो. माझ्या डबीत वायू नव्हता, पिस्टनही नव्हता. एक नॉब तर नुसताच स्क्रू होता, आत कशालाच जोडलेला नाही. मग त्याने स्प्रिंग पुसून दाखवली. खऱ्या स्प्रिंगवर पार्ट नंबर आणि तिचा रेट, म्हणजे कडकपणाचा आकडा, छापलेला असतो, कारण वेगवेगळ्या वजनाच्या माणसांना वेगवेगळी स्प्रिंग लागते. ही कोरी. मग त्याने विचारलं, ‘विकताना त्यांनी तुमचं वजन विचारलं होतं का?’ नव्हतं विचारलं. दोघांचं आणि सामानाचं वजन न विचारता जो लाख-दीड लाखाचा शॉक विकतो, त्याच्याकडे शॉक नसतो, सोनेरी नळी असते. माझ्या मते होलोग्राम-बिलोग्राम बघत बसण्यापेक्षा ही खूण पक्की.

मग बाकीचंही तपासलं. चेन डीआयडी कंपनीची सांगितली होती. खऱ्या चेनच्या पट्ट्यांवर कंपनीचा शिक्का असतो. माझ्या चेनवर तो फक्त एका कडीवर होता, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी जोडकडी तेवढी कुठूनतरी आणलेली. तीही क्लिपची. हजार सीसीच्या गाडीला रिव्हेट मारून बंद केलेली कडीच पाहिजे. क्लिप उडाली आणि चेन सुटली तर ती मागचं चाक जाम करू शकते किंवा इंजिनाचं कव्हर फोडून जाते. रिव्हेट मारायला वेगळं हत्यार आणि थोडा वेळ लागतो, एवढंच वाचवलं होतं.

ब्रेकच्या लाइनवर ब्रेम्बो या ब्रेक बनवणाऱ्या कंपनीचं स्टिकर होतं. इथे पुणेकरांची एक गंमत आहे. ब्रेम्बोचा कारखाना चाकणलाच, आणि छोट्या गाड्यांसाठी त्यांचाच बायब्रे हा ब्रँड आहे. त्यामुळे ‘कंपनीतूनच माल येतो सर, आपली ओळख आहे’ हे वाक्य पुण्यात सहज खपतं. ब्रेम्बोचे महागडे कॅलिपर (डिस्कला आवळणारा भाग) आणि मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) सीलबंद खोक्यात येतात, आत खरवडायचं कार्ड असतं आणि त्यावरचा कोड कंपनीच्या साइटवर तपासता येतो. मला खोकंच दाखवलं नव्हतं. लाइन जोडताना बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर घालायचे असतात, तिथे जुनेच दाबून बसवले होते. पुढच्या मडगार्डवरचा रंग एका जागी फुगून आला तेव्हा मी खाली वाकून बघितलं. ब्रेक ऑइल थेंब-थेंब झिरपत होतं. ब्रेक ऑइल रंग खातं, म्हणून निदान कळलं तरी.

हे सगळं चालू असताना रायडर मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विक्रीचा मेसेज पडला. निंजा १००० चा कंपनीचा मागचा शॉक, एकदम टकाटक, लीक नाही, पस्तीस हजार फिक्स. चार फोटो. तिसऱ्या फोटोत नॉब, नॉबवर लाल ठिपका. बायकोला फोटो दाखवला, ती म्हणाली, ‘अगं बाई, माझं नेलपॉलिश!’ विकणारा माणूस सरळ होता. त्याने पुण्यातल्या कोणत्या गॅरेजकडून घेतला ते सांगितलं आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉटही दिला. आठ हजारांचं ‘भंगार’ सव्वीस हजारांना गेलं होतं.

सायलेन्सरचा हिशोब वेगळाच. आपल्याला तो अडगळ वाटतो, पण शोरूममधून नवा मागवायला गेलात तर आकडा ऐकून खाली बसाल, म्हणून जुन्याला गिऱ्हाईक तयार असतं. काही गाड्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुराचं प्रदूषण कमी करणारा भाग, सायलेन्सरच्या जोडणीतच असतो आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असे धातू असतात. पिंपरी-चिंचवडला मारुतीच्या इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जायच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, त्या याच धातूंसाठी. शिवाय कंपनीचा सायलेन्सर आपल्याला परत लागतोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ नुसार मालकाला दर फेरफारामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी विकायला काढली की पुढचा माणूसही पहिला प्रश्न स्टॉक, म्हणजे कंपनीच्या, सायलेन्सरचाच विचारतो.

मालकाला याची पुरेपूर कल्पना होती. फोटो घेऊन गेलो तेव्हा आधी म्हणाला, ‘सर, असा ठिपका कुणीपण लावेल.’ मग, ‘एक्स्चेंजला तुम्हीच हो म्हणालात ना?’ आणि शेवटी, आवाज न चढवता, ‘जा की कन्झ्युमर कोर्टात. गाडीचे फोटो लावाल त्यात सायलेन्सर पण दिसेल.’ अशा धंद्याचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा असतो. गिऱ्हाइकाच्या गाडीवर बेकायदा पार्ट आहे, म्हणजे तो बोंब मारणार नाही. मी त्याच संध्याकाळी तो सायलेन्सर उतरवला आणि मित्राच्या गॅरेजमध्ये पडलेली जुनी जोडी तात्पुरती लावून घेतली. धमकीतली हवाच गेली.

पोलीस चौकीत ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून परत पाठवलं. खोटं सांगून हो म्हणायला लावणं म्हणजे फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, असं वकिलांनी नोटिशीत स्वच्छ लिहिलं. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली होती, तिचा क्रमांकही नोटिशीत घातला. सोबत व्हिडिओ, विक्रीचा फोटो, स्क्रीनशॉट आणि शॉक उघडणाऱ्याचं सहीचं पत्र. नोटीस पोचल्यावर शॉकचे पैसे परत आले आणि माझा जुना शॉक विकत घेऊन परत द्यायची तयारीही त्याने दाखवली. शॉक मिळाला, ठिपक्यासकट.

चेन, ब्रेक आणि सायलेन्सरवर तो अडून बसलाय, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार टाकली आहे. घटनेपासून दोन वर्षांत टाकता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यात टाकता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील नसला तरी चालतो.

आता गाडी कुठेही सोडण्याआधी मी शॉक, कॅलिपर, डिस्क, सायलेन्सर यांचे नंबरासकट फोटो काढतो आणि गॅरेजवाल्याच्या देखतच काढतो. उतरलेला माल त्याच दिवशी गोणीत घालून घरी आणतो, भंगार असला तरी. ‘लीक आहे’ असा फोन आला की काम थांबवायला सांगतो आणि स्वतः जाऊन बघतो. एका मेकॅनिकला याचा राग आला. त्याच्याकडून गाडी तशीच परत आणली.

सायलेन्सरची जोडी अजून सापडलेली नाही. २०१७ ते २०१९ च्या निंजा १००० ची जोडी कुणी विकायला काढलेली दिसली तर डाव्या सायलेन्सरची खालची बाजू बघा. सोसायटीच्या पार्किंगमधल्या कठड्याला घासून मागच्या टोकापाशी बोटभर लांब चरा पडलाय, त्यात पिवळा ऑइलपेंट बसलेला आहे. दिसला तर घासाघीस न करता फोटो काढून ठेवा आणि मला कळवा.