मोबाईल होम पाडून देणारे कंत्राटदार: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

अमेरिकेत जुनं मोबाईल होम, म्हणजे कारखान्यात बांधून जागेवर ओढत आणलेलं घर, हटवायचं म्हटलं की तीन तऱ्हेचे लोक पुढे येतात: पूर्ण पाडकाम करणारा कंत्राटदार, घर अख्खं ओढून नेणारा, आणि ‘फुकट नेतो’ म्हणणारा भंगारवाला. खरोखर जीर्ण झालेल्या घरासाठी आमचा कौल पहिल्यालाच.

फुकटवाल्याचा डोळा ॲल्युमिनियमचे पत्रे, तांब्याची वायर आणि लोखंडी चेसिसवर, म्हणजे घराखालच्या सांगाड्यावर असतो. पत्रे आणि वायर चटकन निघतात. चेसिस मात्र सगळ्यात खाली, तिथवर पोचायचं तर भिजलेलं इन्सुलेशन, फुगलेला पार्टिकल बोर्ड, कार्पेट असं सगळं उपसावं लागतं. हा माल कोणी विकत घेत नाही, उलट टाकायला वजनावर पैसे पडतात. त्यामुळे अर्धं सोललेलं घर मालकाच्या गळ्यात टाकून माणूस पसार होण्याचे प्रकार घडतात. म्हणून कंत्राटदार कुठलाही असो, शेवटचा हप्ता चेसिस आवाराबाहेर गेल्यावरच द्यावा.

ओढून नेणं फक्त तळ शाबूत असेल तर जमतं. कडेचे वासे कुजले असतील तर घर रस्त्यावर मोडतं. शिवाय 15 जून 1976 पूर्वीचं घर केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याच्या (HUD, ‘हड’) मानकात बसत नाही, आणि अशी घरं ठेवायला जागा भाड्याने देणारे बरेच पार्क ते घेतच नाहीत. त्यानंतरच्या घराच्या प्रत्येक भागावर बाहेरून मानकात बसल्याची खूण म्हणून लाल धातूची पट्टी असते, ती आधी शोधा.

चांगला कंत्राटदार यंत्र आणण्याआधीच ओळखू येतो. वीज आणि गॅस कंपनीकडून तोडून घेतो, ड्रेनेजच्या पाइपाला टोपण लावतो, म्हणजे माती आत जात नाही. जमिनीखालच्या लाइनी खुणा करून घ्यायला 811 वर फोन करतो. जुन्या व्हिनाइल फरशीचा नमुना ॲस्बेस्टॉससाठी लॅबला पाठवतो. याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. फ्रिज आणि एसीतला वायू परवानाधारकाकडून काढून घेतो.

मग पोकलेन. आधी घराला जमिनीशी बांधणारे पोलादी पट्टे कापायचे, ताणलेला पट्टा सुटला की सपकन उसळतो, म्हणून जवळ कोणी नको. पाडकाम एका टोकाकडून, राडारोडा दाबत दाबत. सैल भरला तर कंटेनरमध्ये निम्मी हवाच जाते. चेसिसचे दोन लांब गर्डर गॅस कटरने कापतात, पण तळाचा काळा कागद आणि इन्सुलेशन पूर्ण निघाल्याशिवाय ज्योत लावू देऊ नका. आग लागते ती इथेच.

कोटेशनमध्ये ‘पाडकाम व सफाई’ एवढंच लिहिलेलं असेल तर सही करू नका. डंपिंगचं शुल्क धरलं आहे का? जमिनीत फिरवून बसवलेले अँकर काढणार का? पायऱ्या, काँक्रीट, सेप्टिक टँक कोणाकडे? खिळ्यांसाठी चुंबक फिरवणार का? पावसात भिजलेल्या घराचं वजन वाढतं, तो वाढीव खर्च कोणाचा हेही लिहून घ्या. डंपिंगच्या वजनपावत्यांच्या प्रती मागा. राडारोडा कुठे गेला याचा पुरावा तोच.

विम्याचं प्रमाणपत्र थेट विमा कंपनीकडून मागवा. टायटल, म्हणजे घराच्या मालकीचा सरकारी दाखला, रद्द करणं बहुधा मालकाच्याच अंगावर असतं. ते राहिलं तर घर काउंटीच्या (जिल्हा प्रशासनाच्या) नोंदीत तसंच राहू शकतं आणि कराची बिलं येतच राहतात.