वॉटर-टू-वॉटर हीट पंप: टाकी दोन पाइपांची, तीन की चार?

मिनेसोटा, ऑन्टारियो अशा कडाक्याच्या थंडीच्या भागात घर बांधणारी आपली मंडळी जमिनीतून पाण्यावाटे उष्णता घेऊन घरात फिरणारं पाणी तापवणारा (वॉटर-टू-वॉटर) हीट पंप निवडताना कुठल्या कंपनीचं यंत्र घ्यायचं यावर महिनोन्महिने खल करतात. पाइपांची आकृती मात्र प्लंबर काढेल ती. खरं तर आधी भांडायचं ते या आकृतीवरून.

बॉयलरला पाणी ६५ अंशांवर काढलं काय नि ७० वर काय, फारसं बिघडत नाही. हीट पंपाचं तसं नाही. पाणी एक अंश जास्त गरम मागितलं की सीओपी (एक युनिट विजेमागे मिळणारी उष्णता) ढोबळमानाने दोन-तीन टक्के घसरते. फरशीखालच्या नळ्यांना ३५ अंश पुरत असताना वाटेत गरम-थंड मिसळलं आणि ती तूट भरायला यंत्र ३९ वर चालवावं लागलं, तर वरच्या चार अंशांचे पैसे सगळा हिवाळा मोजायचे.

हिशेबासाठी ४ टनांचं, म्हणजे सुमारे १४ किलोवॉटचं यंत्र धरू. टनामागे मिनिटाला ११ लिटरच्या आसपास पाणी खेळवायचं, म्हणजे ४५ लिटर. त्यात जाताना आणि परतताना साडेचार अंशांचा फरक पडतो. तांब्याचा एक इंची पाइप इथे अपुरा आहे: पाण्याचा वेग सेकंदाला १.३ मीटरवर जातो आणि आवाज येऊ लागतो. सव्वा इंची घ्या, वेग ०.९ मीटरवर राहील.

यंत्र आणि घर यांच्यामध्ये गरम पाणी साठवणारी टाकीच नको, असं म्हणता येतं का? येतं, पण एकाच परिस्थितीत. सगळं घर एक झोन (एकाच थर्मोस्टॅटवर चालणारा भाग), नळ्या काँक्रीटच्या जाड थरात आणि कुठलाही व्हॉल्व्ह बंद होणार नसेल, तर ते काँक्रीटच उष्णता साठवतं आणि यंत्राला लागणारा प्रवाहही मिळत राहतो. हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कार्यक्षम मार्ग. पण प्रत्येक खोलीला थर्मोस्टॅट हवा असेल तर त्याचा विचार सोडा. फक्त बाथरूमने १ किलोवॉट मागितले आणि यंत्र १४ देत असेल तर उरलेले १३ जाणार कुठे? यंत्र निदान १० मिनिटं सलग चाललं पाहिजे. टाकीच्या पाण्यात ६ अंशांची चढउतार चालवून घेतली तर सुमारे ३१० लिटरची टाकी लागते, १० अंशांची चालवली तर १८६ पुरतात. इन्व्हर्टर यंत्राला कमी लागेल, कारण ते स्वतःच वेग उतरवतं.

टाकी आली की ती जोडायची कशी, हा प्रश्न येतो. चार पाइपांची जोडणी सर्रास दिसते: एका बाजूला यंत्राचे दोन, दुसऱ्या बाजूला घराचे दोन. दोन्हीकडचे पंप एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, चूक होण्याची शक्यता कमी, म्हणूनच प्लंबरांची ती लाडकी. पण उष्णतेचा प्रत्येक कण टाकीतून जातो. टाकी गार पडलेली असेल तर ती तापेपर्यंत खोली थांबते. दोन्हीकडचा पूर्ण प्रवाह टाकीतून घुसळत गेला की वरचा गरम आणि खालचा गार थर टिकणंही अवघड.

दोन पाइपांच्या जोडणीत यंत्राचं गरम पाणी थेट घराकडे निघतं आणि टाकी टी (तीन तोंडांचा सांधा) लावून बाजूला जोडलेली असते. घर ४० लिटर घेत असेल तर टाकीत फक्त उरलेले ५ जातात. दोन अटी आहेत. टाकीजवळचे पाइप आखूड आणि रुंद हवेत. आणि यंत्र बंद असताना घराचं पाणी यंत्रातून उगाच फिरू नये म्हणून यंत्राच्या फांदीवर चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवा. खरी खोच वेगळीच आहे. दोन्ही प्रवाह सारखे झाले की टाकीतलं पाणी निश्चल होतं आणि तिथला सेन्सर शिळं तापमान सांगत बसतो.

तीन पाइपांत गरम पाणी दोन पाइपांसारखंच थेट जातं, पण घरून परतणारं पाणी टाकीतूनच यंत्राकडे येतं. सेन्सरला ताजी खबर मिळते, वरचा गरम थरही फारसा ढवळला जात नाही. बऱ्याच झोनच्या घराला मी हीच जोडणी सुचवेन. प्लंबर नवखा असेल तर मात्र चार पाइप बरे. चुकीची तीन पाइपांची जोडणी बरोबर केलेल्या चार पाइपांपेक्षा वाईट.

जमिनीकडच्या बाजूचं थोडक्यात. विहिरीचं पाणी थेट वापरणार असाल तर टनामागे मिनिटाला निदान ६ लिटर, यंत्रात क्युप्रोनिकेलचा (तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा) हीट एक्सचेंजर, आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडमीट होणारी झडप) यंत्रातून पाणी बाहेर पडतं त्या बाजूला, म्हणजे आत दाब टिकतो. बोअरला पाणी सोडण्या-उपसण्याचे स्थानिक नियम आधी वाचा. बंद लूप (जमिनीत पुरलेल्या नळ्यांत तेच द्रव फिरत राहणं) असेल तर त्यातली हवा पूर्ण निघेल अशी फ्लशिंगची (जोराने पाणी सोडून नळ्या धुण्याची) सोय सुरुवातीलाच ठेवा. नंतर तिला भिंतीजवळ जागा उरत नाही. उन्हाळ्यात त्याच यंत्राने गार पाणी फिरवणार असाल तर टाकी आणि पाइपांवर बाष्प अडवणारं, सांधे नीट बंद केलेलं इन्सुलेशन हवं. हिवाळ्यापुरतं गुंडाळलेलं असेल तर जुलैत बेसमेंटच्या फरशीवर पाणी साचलेलं दिसेल.