हिवाळी फुलझाडं आणि नर्सरीतला कोकोपीटचा गोळा: चार महिन्यांनंतर

पिटुनिया, पॅन्झी, डायन्थस, फ्लॉक्स ही थंडीत फुलणारी, कुंडीत लावायची छोटी फुलझाडं. दिवाळीनंतर दक्षिणेकडच्या बाल्कनीसाठी पुण्यातल्या सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून रोपं आणली. काही ट्रेमधली, बिनफुलांची, १२ रुपयांना एक. काही काळ्या पिशवीतली, फुलांनी लगडलेली, ४० रुपयांची. थोड्याच दिवसांत ४० वाल्या पिटुनियांनी माना टाकल्या. नर्सरीत विचारलं तर आधी म्हणाले "पाणी कमी पडतंय". कुंडीतल्या ओल्या मातीचा फोटो दाखवला, तेव्हा "पाणी जास्त झालंय". बदलून देणं तर लांबच, वर नवी रोपं घ्या म्हणे. संताप आला.

खरं कारण मेलेलं रोप उपटल्यावर कळलं. भोवतीची माती ओली आणि मुळांजवळचा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा आतून कोरडा ठणठणीत! कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की सहजासहजी पाणी पीत नाही. झारीचं पाणी कडेकडेनं उतरून खालच्या ताटलीत जातं. त्यात पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळं आतल्या आत गोल फिरलेली. बाहेरच्या मातीत एकही शिरलेलं नव्हतं. लावण्याआधी रोप गोळ्यासकट पाण्यात बुडवायचं, बुडबुडे थांबले की काढायचं, तळाची मुळं बोटांनी सोडवायची आणि मग लावायचं. विकताना एवढं सांगायला काय जातं? उरलेली सगळी रोपं मी अशीच लावली, त्यातलं एकही दगावलं नाही.

१२ रुपयांच्या रोपांचे शेंडे खुडले, फांद्या फुटल्या आणि डिसेंबरअखेर कुंड्या भरून गेल्या. ४० वाली जी जगली, ती त्यांच्यापुढे किडकिडीतच राहिली. फुलं बघून तिप्पट पैसे मोजू नका, त्यातला बराचसा बहर नर्सरीतच होऊन गेलेला असतो.

पिटुनिया पुन्हा आणायची नाही असं जानेवारीत ठरवलं होतं, कारण नुसत्या लांब उघड्या काड्या उरल्या होत्या. टाकून द्यायचं जिवावर आलं म्हणून निम्म्यावर छाटली, शेणखताचं पातळ पाणी दिलं. फेब्रुवारीत इतकी फुलली की मत बदलावंच लागलं.

पॅन्झी देखणी, पण थंडीची. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघून जानेवारीअखेर घ्यायचा मोह होतो, तो आवरा. फेब्रुवारीत पुण्याच्या दुपारी तापल्या की ती बसते. डायन्थस मात्र मार्च लागला तरी फुलतोय. सुकलेली फुलं तेवढी कापत राहायची.

जागेचं म्हणाल तर हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून या बाल्कनीत तेव्हा भरपूर ऊन येतं. मे महिन्यात तो डोक्यावर असतो, तेव्हा इथे जवळजवळ सावलीच.

पुढच्या वर्षीही ट्रेचीच रोपं घेणार, दुसऱ्या नर्सरीतून. पिटुनियाचं बी धरलेलं नाही. ट्रेमधल्या जाती बहुतेक संकरित, तोच रंग पुन्हा येईल याचा भरवसा नाही. फ्लॉक्सचं बी धरलंय, ते ऑक्टोबरमध्ये टाकणार.