डोळ्यांच्या सुजेवर जेलचा कूलिंग मास्क : सात महिन्यांनंतरचा अनुभव

औसा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते, वय 47. गेल्या सप्टेंबरमध्ये हजेरी घेत असताना तिसरीतली एक मुलगी टेबलाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, रात्री रडलात का हो तुम्ही?" मी रडले नव्हते. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज आणि पापण्या जड, हे वर्षभर रोजचेच झाले होते. त्या शनिवारी लातूरहून जेलचा कूलिंग मास्क आणि डोळ्यांखाली फिरवायचे कॅफिनचे रोल-ऑन आणले. तेव्हापासून आज एप्रिलपर्यंत जे कळले, ते लिहीत आहे.

मास्क फ्रीजरमध्ये ठेवू नये, फ्रीजच्या साध्या कप्प्यात ठेवावा. पहिल्याच आठवड्यात घाईने मी तो फ्रीजरमधून काढून तसाच लावला, तेव्हा डाव्या डोळ्याखालची कातडी दिवसभर लाल होऊन चुरचुरत राहिली. पापणीची कातडी शरीरातील सर्वांत पातळ कातडींपैकी असल्यामुळे तिला बर्फाचा चटका लवकर बसतो. त्यानंतर जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा मध्ये घालून, बसूनच, दहा मिनिटे लावण्याचा नेम ठेवला. रात्रभर आडवे राहिल्याने अंगातील पाणी चेहऱ्याकडे सरकते आणि डोळ्यांभोवतीच्या सैल भागात साचते; म्हणूनच अशी सूज सकाळी जास्त असते व चालते-फिरते झाल्यावर उतरत जाते. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि हे उतरणे लवकर होते, एवढेच मास्कचे काम आहे. पूर्वी दुपारच्या सुट्टीपर्यंत राहणारी माझी सूज परिपाठाच्या वेळेलाच बरीच ओसरू लागली. मध्यंतरी आठ दिवस गार काकडीच्या चकत्या ठेवून पाहिल्या, तर फरक जवळपास तेवढाच पडला. पहाटे वीज नसेल त्या दिवशी माठातल्या पाण्यात भिजवलेले फडकेही काम भागवते. उशाला आणखी एक उशी घेऊन डोके उंच ठेवल्याचा उपयोग मात्र मास्कपेक्षा कमी झाला नाही, हे आवर्जून सांगते.

रोल-ऑनबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कॅफिनमुळेही रक्तवाहिन्या थोड्या वेळापुरत्या आकसतात आणि कातडी ताणल्यासारखी वाटते; परंतु दोन तासांनी आरशात काही फरक उरत नाही. एक बाटली संपली, दुसरी घेतली नाही.

खरी कलाटणी ऑक्टोबरमध्ये मिळाली. रानात सोयाबीनची रास होती, मळणी यंत्रातून भुसा उडत होता आणि बांधावर गाजर गवत फुलोऱ्यात होते. दिवसभर डोळे चोळत होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही डोळे निम्मेच उघडत होते. एका मेडिकल दुकानातून, डॉक्टरांना न दाखवता, मलमाची एक ट्यूब मिळाली. दोन दिवसांत सूज उतरली आणि मी समाधान मानले. पुढच्या आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे गेले तेव्हा त्यांनी ट्यूब वाचून ती ताबडतोब बंद करायला सांगितली, कारण तिच्यात स्टेरॉइड होते. असे मलम पापणीवर दीर्घकाळ लावले तर कातडी आणखी पातळ होते आणि डोळ्यातील दाब वाढून काचबिंदूचा धोका निर्माण होतो. ही गोष्ट ट्यूब विकताना मला कोणी सांगितली नाही, याचा राग आजही आहे.

डॉक्टरांनी ॲलर्जीचे निदान करून ऑलोपॅटाडीनचे थेंब दिले आणि डोळे चोळायचे नाहीत, अशी सक्त ताकीद दिली. चोळल्याने ॲलर्जीच्या पेशींतून हिस्टामिन हे रसायन आणखी सुटते आणि खाज व सूज दोन्ही वाढतात. शिवाय रक्तदाब, लघवीतील प्रथिने, मूत्रपिंडासाठीची क्रिएटिनिन आणि थायरॉइडची टीएसएच चाचणी करून घेतली. सर्व व्यवस्थित आले. परंतु ही तपासणी मी मास्क घेण्याआधीच करायला हवी होती. सकाळच्या सुजेबरोबर पायांवर सूज किंवा लघवीला फार फेस असेल, तर मूत्रपिंडाची तपासणी आधी करावी. एकाच डोळ्याला सूज असून ताप, वेदना किंवा अंधूक दिसणे असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

नोव्हेंबरपासून टाचण वहीच्या शेवटच्या पानावर रोज तीन गोष्टी लिहू लागले: रात्रीचे जेवण, धुळीत जाणे झाले का, आणि सकाळची सूज. तीन आठवड्यांत खिचडी, पापड आणि लोणच्याच्या रात्रींनंतरची सूज ठळकपणे जास्त दिसू लागली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे जेमतेम एक चमचा, आणि आमच्याकडे आमटी, ठेचा, लोणचे मिळून तेवढे एका जेवणातच होते. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो. त्यातही मिठातलेच सोडियम असते. रात्री पापड-लोणचे बंद केले आणि ठेच्यात मीठ निम्मे केले. घरातल्यांना ते महिनाभर अळणी लागले. आता सवय झाली आहे.

थेंब, रानात जाताना गॉगल व तोंडाला स्कार्फ, कमी मीठ आणि उंच उशी यांनी सूज जवळजवळ गेली आहे. तरीही डोळ्यांखाली दोन लहान फुगवटे दिवसभर तसेच राहतात आणि नजर वर केली की अधिक पुढे येतात. डॉक्टरांच्या मते ही पाण्याची सूज नसून वयोमानाने पुढे सरकलेली चरबी आहे. माझ्या आईच्या चेहऱ्यावरही ती याच वयात दिसू लागली होती. ती मास्कने किंवा कोणत्याही क्रीमने जात नाही, त्यासाठी ब्लेफरोप्लास्टी ही शस्त्रक्रियाच करावी लागते. मी ती करणार नाही.

मास्कचा वेलक्रो चार महिन्यांत ढिला पडला आणि मार्चमध्ये शिवणीतून जेल झिरपू लागले. ते डोळ्यांत जाऊ नये म्हणून मास्क त्याच दिवशी टाकून दिला. नवा आणलेला नाही. जागरण झालेल्या सकाळी माठाच्या पाण्यातले फडके पुरते.