मुलांसोबत कोकणात: व्हिस्टाडोम की मांडवी एक्सप्रेसची खिडकी?

मुलांना 'धूर सोडणारी गाडी' हवी होती. कोकण रेल्वे पूर्ण झाली 1998 साली, तोवर वाफेच्या इंजिनांचा जमाना सरला होता. मग उरले दोन पर्याय.

जनशताब्दीचा व्हिस्टाडोम डबा: काचेचं छत, गर्रकन फिरणाऱ्या खुर्च्या, एसी. पावसाळ्यात उक्षीजवळचा धबधबा आणि रत्नागिरीजवळ 64 मीटर उंच पानवल पूल बघायला याच्यासारखी जागा नाही. पण गाडी मुंबईहून पहाटे सुटते, तिकीट खिशाला चाट लावतं, आणि मुलांचा निम्मा वेळ खुर्ची फिरवण्यातच जातो. काच उघडत नाही ती नाहीच.

मांडवीचा स्लीपर: वारा तोंडावर, हात आत ठेवा म्हणून आमची ओरड, आणि फेरीवाल्याची हाक आली की लगेच भूक. या गाडीच्या खाण्याचं नाव आहे, ते उगाच नाही. साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात शिरताच पोरं जी किंचाळली! बंद काचेमागे तो गार, ओलसर अंधार अंगावर येत नाही. गर्दी मात्र सोसावी लागते.

आजी सोबत असतील तर व्हिस्टाडोम. नाहीतर मी मांडवीच घेईन.