अरेंजर कीबोर्डवर स्वतःच्या स्टाइल्स घडवताना : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अरेंजर कीबोर्ड म्हणजे डाव्या हाताने धरलेल्या कॉर्डनुसार (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटानुसार) साथ आपोआप वाजवणारा कीबोर्ड, आणि स्टाइल म्हणजे त्या साथीचा नमुना. आठ महिन्यांपूर्वी यामाहाच्या अशा कीबोर्डवरील स्टाइल क्रिएटर, म्हणजे स्वतःच्या स्टाइल्स बनवण्याची सोय, मी पहिल्यांदा उघडला, तेव्हा माझी अपेक्षा अगदी साधी होती. आधीपासून भरलेल्या स्टाइल्समध्ये संथ लयीतला, सात मात्रांचा, मनाजोगता ठेका सापडत नव्हता. तो आपणच वाजवून ध्वनिमुद्रित करावा, एवढाच विचार होता. ध्वनिमुद्रण एका संध्याकाळी झाले. मात्र ती स्टाइल कोणत्याही कॉर्डवर ऐकवण्याजोगी होण्यास पुढचे सात आठवडे लागले. आजवर मी चौदा स्टाइल्स तयार केल्या असून त्यांपैकी चारच नियमित वापरतो, आणि त्या चारांतल्या दोन मूळच्या स्टाइल्समध्ये फेरफार करून बनवलेल्या आहेत.

रचनेची ओळख थोडक्यात करून देतो. स्टाइलमध्ये आठ चॅनल, म्हणजे वाद्यांचे स्वतंत्र थर, असतात : तालाचे दोन, बास, कॉर्डचे दोन, पॅड (लांबवलेले पार्श्वस्वर) आणि फ्रेजचे (छोट्या सुरावटींचे) दोन. इंट्रो, ए ते डी हे चार मेन भाग, त्यांचे फिल-इन (भाग बदलताना वाजणारे छोटे तुकडे), ब्रेक आणि एंडिंग असे विभाग असतात व प्रत्येकात हे आठही चॅनल स्वतंत्रपणे भरता येतात. विभाग सतत फिरत राहतो आणि आपण त्यावर थर चढवत जातो. हे समजायला कोणालाही अर्धा तास पुरतो.

खरी अडचण पुढे आहे. आपण जे वाजवतो ते जसेच्या तसे वाजणार नसते. डाव्या हाताने जो कॉर्ड धरला जाईल त्यानुसार प्रत्येक स्वर बदलला जाणार असतो. त्यासाठी कीबोर्ड एक सोर्स कॉर्ड, म्हणजे आपण ज्या कॉर्डवर वाजवले तो, गृहीत धरतो, आणि तो मुळात सी मेजर सेव्हन असतो. म्हणजे मेन विभाग भरताना सी, ई, जी आणि बी (पाश्चात्त्य स्वरनावे) हे कॉर्डचे स्वर, शिवाय डी आणि ए, एवढ्यांतच राहणे हिताचे. मी पियानोच्या साथीत सवयीने एफ घेतला होता. सीवर तो जाता जाता गोड वाटत होता. पण जी मेजर धरताच तोच स्वर सी होऊन कॉर्डमधल्या बीशी घासू लागला, आणि लय संथ असल्यामुळे ती घासाघीस लपण्याचा प्रश्नच नव्हता. चूक वादनात आहे हे कळायला मला तीन दिवस लागले, कारण तोवर मी दोष आवाजाच्या निवडीत शोधत होतो.

स्वर कसा बदलावा हे ठरवणारे दोन नियम प्रत्येक चॅनलसाठी निवडावे लागतात, आणि माझ्या मते या संपूर्ण सोयीचा जीव त्यांतच आहे. पहिला नियम मूळ स्वराच्या, म्हणजे कॉर्डला ज्यावरून नाव मिळते त्या स्वराच्या, स्थलांतराचा. ‘रूट ट्रान्स’ निवडले तर स्वरांमधली अंतरे कायम राहतात, म्हणजे सी-ई-जी हा गट एफ कॉर्डवर एफ-ए-सी होऊन वर सरकतो. ‘रूट फिक्स्ड’ निवडले तर स्वर आपल्या जागेच्या शक्य तितके जवळ राहतात आणि तोच गट सी-एफ-ए होतो. बासला आणि एकल सुरावटीला पहिला नियम शोभतो, तर पियानो, पॅड आणि ऑर्गनला दुसरा. माझ्या पहिल्या स्टाइलमध्ये सर्वच चॅनल पहिल्या नियमावर होते, त्यामुळे प्रत्येक कॉर्डबरोबर सगळा वाद्यवृंद शिडी चढल्या-उतरल्यासारखा वर-खाली होत असे. दुसरा नियम म्हणजे कॉर्डच्या प्रकारानुसार स्वर बदलण्याचा तक्ता; त्यात मेलडी, कॉर्ड, निरनिराळे मायनर असे पर्याय असतात. ‘बायपास’ हाही त्यांतलाच एक पर्याय आहे, आणि तो चुकून राहिला की मायनर कॉर्डवरसुद्धा, जिथे तिसरा स्वर कोमल हवा, मेजरचा तिसरा स्वर निर्लज्जपणे वाजत राहतो. गिटारसाठी वेगळी गिटार पद्धत आहे. तिच्यामुळे छेडलेले स्वर खऱ्या गिटारवरील बोटांच्या मांडणीच्या जवळ जातात, आणि पियानोच्या पट्ट्यांवर वाजवलेली गिटार उघडी पडण्याचा धोका बराच कमी होतो.

बासने मला वेगळाच धडा दिला. सीवर भारदस्त वाटणारी बासची ओळ बी कॉर्डवर इतकी वर जाई की तिचा पायाच सुटे. यावर उपाय म्हणजे ‘हाय की’ ही मर्यादा : ती ई किंवा एफवर ठेवली की त्यापलीकडच्या मूळ स्वरांसाठी संपूर्ण ओळ एक सप्तक खाली येते. याउलट ‘नोट लिमिट’ एकेका स्वराला ठरवलेल्या टप्प्यात परत आणते. त्यामुळे तो टप्पा फार अरुंद ठेवला तर सुरावट मध्येच मोडते. बासरीच्या एका फ्रेजची मी अशीच मोडतोड केली होती.

लांबवलेल्या स्वरांच्या मध्येच कॉर्ड बदलला तर काय व्हावे, हा प्रश्न मी पहिले दोन महिने विचारलाच नव्हता. येथे स्वर थांबवणे, त्याची उंची सरकवणे किंवा तो नव्याने छेडणे असे पर्याय मिळतात. तंतुवाद्यांच्या पॅडला सरकणे साजते, कारण नवा आघात ऐकू येत नाही. पियानोला मात्र तेच लावले तर पियानो रबराचा बनवल्यासारखा वाटतो. या एका निवडीने स्टाइलचा दर्जा जितका सुधारला, तितका महागडे आवाज निवडूनही सुधारला नव्हता.

तालाबद्दल एवढेच सांगतो की क्वांटाइझ (आघात आपोआप अचूक मात्रेवर बसवणे) पूर्ण लावू नये. हाय-हॅटच्या (ड्रममधल्या झांजांच्या जोडीच्या) आघातांचे जोर १२७ पर्यंतच्या मोजपट्टीवर कमी-जास्त ठेवले नाहीत, तर कितीही चांगला ड्रम किट टाइपरायटरसारखा वाजतो.

कीबोर्डच्या छोट्या पडद्याला कंटाळून मी मधल्या काळात फाइल संगणकावर नेली. स्टाइलची फाइल मुळात मिडी फाइलच (आवाजाऐवजी वाजवलेल्या स्वरांच्या सूचना साठवणारी) असते आणि तिच्यातले विभाग मार्करांनी ओळखले जातात, एवढे मला ठाऊक होते. पण वर सांगितलेले बदलाचे नियम शेवटी जोडलेल्या ‘सीएएसएम’ नावाच्या भागात असतात आणि तो मिडीच्या प्रमाणात मोडत नाही, याचा मला पत्ता नव्हता. सर्वसाधारण सिक्वेन्सरने (मिडी संपादित करणाऱ्या सॉफ्टवेअरने) फाइल जतन करताना तो भाग निमूटपणे टाकून दिला. स्वर सगळे शाबूत, नियम मात्र नाहीसे. पाच आठवड्यांच्या कामाची दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. स्वर संगणकावर सुधारायला हरकत नाही, परंतु स्टाइल्ससाठीच बनवलेला संपादक वापरावा आणि मूळ फाइल बाजूला ठेवावी. अशा संपादकात मायनर आणि मेजर कॉर्डसाठी एकाच वाद्याच्या दोन वेगळ्या ओळीही देता येतात. कोर्ग या दुसऱ्या कंपनीच्या पीए कीबोर्ड मालिकेत ही सोय रचनेतच आहे, कारण तेथे प्रत्येक व्हेरिएशनमध्ये (तिथल्या मेन भागात) सहापर्यंत कॉर्ड व्हेरिएशन, म्हणजे निरनिराळ्या कॉर्डप्रकारांसाठी वेगळे नमुने, भरता येतात. त्याबाबतीत ती मांडणी मला अधिक सरळ वाटते.

चाचणीची माझी पद्धत आता ठरून गेली आहे. बाराही मूळ स्वरांवर मेजर, मायनर, सेव्हन्थ, सस-फोर आणि डिमिनिश्ड हे कॉर्डचे प्रकार वाजवून पाहतो, आणि त्यानंतरच उजव्या हाताने धून घेतो. येथेच चौदांपैकी दहा स्टाइल्स बाद झाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांत धुनीला जागाच उरली नव्हती. साथ एकटी ऐकताना जी थोडी रिकामी वाटते, तीच वादनाखाली नीट बसते, हे मान्य करायला मला बराच काळ लागला. आता मेन ए मध्ये मी ताल, बास आणि एकच कॉर्ड चॅनल ठेवतो, आणि फ्रेज थेट मेन सी पासून आणतो.

सात मात्रांच्या त्या ठेक्याचे फिल-इन मात्र अजून जमलेले नाही. फिलचे बटण आवर्तनाच्या मध्यावर दाबले तर फिल त्या मात्रेपासूनच सुरू होते आणि आधीचा भाग ऐकूच येत नाही. म्हणून मी सगळा जोर शेवटच्या तीन मात्रांत आणून पाहिला. तसे केल्यावर पहिल्या मात्रेवरून दाबलेले फिल सुरुवातीला पोकळ वाटते. सध्या पहिल्या चार मात्रांत फक्त बेस ड्रम आणि रिमशॉट (ड्रमच्या कडेवरचा आघात) ठेवून तिसऱ्यांदा ध्वनिमुद्रण करत आहे.