‘काइंडली’ म्हणणाऱ्या ताई

आधीच सांगते, रक्कम फार मोठी नाही. २२० डॉलर. पण लाज रकमेपेक्षा बरीच मोठी होती, म्हणून वर्षभर हे घराबाहेर फारसं कुणाला बोलले नाही. आता पुन्हा उन्हाळा आलाय, पुन्हा ‘कुणाकडे जास्तीचे पास आहेत का’ सुरू झालंय, तेव्हा लिहून टाकते.

आम्ही ओरेगनमध्ये, पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबरोत राहतो. दर ४ जुलैच्या सुमारास पोर्टलंडला विलॅमेट नदीच्या काठावर वॉटरफ्रंट ब्लूज फेस्टिव्हल भरतो, म्हणजे ब्लूज या आफ्रिकन-अमेरिकन संगीताचा महोत्सव. टॉम मकॉल पार्क नावाची लांबलचक हिरवळ आहे, पूर्वी तिथे हमरस्ता होता, तो १९७४ मध्ये बंद करून बाग केली. त्या हिरवळीवर स्टेज, समोर लोक सतरंज्या आणि बुटक्या खुर्च्या टाकून बसलेले, आणि पाण्यात नांगर टाकून उभ्या असलेल्या होड्यांवर फुकटे श्रोते. मला ब्लूजचं वेड लागलं ते मुंबईत, २०११ मध्ये, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत बडी गाय हा अमेरिकन गिटारवाला ऐकला तेव्हा. नवऱ्याला वेड नाही, पण तो येतो. गेल्या वर्षी आई-बाबा मिरजेहून सहा महिन्यांसाठी आले होते. बाबांना हे ऐकवायचंच असं मी ठरवलं होतं, आणि ठरवून नेहमीप्रमाणे तिकिटं काढायचं राहून गेलं होतं.

आमच्या भागातल्या मराठी लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर मी जूनच्या शेवटी विचारलं, चौथ्या तारखेचे पास कुणी विकतंय का? कुणी उत्तर दिलं नाही. २८ जूनच्या रात्री मात्र एका ताईंचा मला थेट मेसेज आला. त्यांचं नाव लिहीत नाही, आम्ही सगळे त्यांना नाटकवाल्या ताईच म्हणतो. गणपतीत मंडळाचं नाटक त्या बसवतात. ग्रुपवर कुणी ‘शुभेछा’ लिहिलं तर पुढच्या मिनिटाला ‘शुभेच्छा’ येतं ते त्यांच्याकडून. गेल्या आठ वर्षांत मी त्यांचा एकही मेसेज रोमन लिपीत पाहिलेला नाही.

तो मेसेज इंग्रजीत होता. मतलब असा, की माझ्याकडे चार पास आहेत, मला अचानक गावाला जावं लागतंय, तुला हवे असतील तर ‘काइंडली’ लवकर सांग, आणखी एकजण विचारतोय.

ते ‘काइंडली’ मला दिसलं. खोटं कशाला बोलू, नवऱ्याला वाचून दाखवून हसलेसुद्धा, की ताई ऑफिसच्या ईमेलमधून बाहेरच आलेल्या नाहीत. हसले आणि पुढे गेले.

भावाचं बघा. मूळ किमतीपेक्षा माणशी फक्त दहा डॉलर कमी. कुणी निम्म्या किमतीत देतो म्हणाला असता तर शंका आली असती. दहा डॉलर म्हणजे ओळखीतल्या माणसानं केलेली सूट, अगदी ताईंसारखीच. मी फोन केला. कट झाला, आणि लगेच मेसेज, ‘मीटिंगमध्ये आहे, लिहून बोल’. शनिवारी रात्री साडेनऊला कसली मीटिंग? पण आमच्याकडे भारतातल्या टीमशी लोक वाटेल त्या वेळी बोलत असतात, म्हणून तेही खपलं. शिवाय मी फोन केला होता तो व्हॉट्सॲपवरून. म्हणजे ज्याच्या हातात ते खातं होतं त्यालाच केला. साधा फोन लावला असता तर ताईंनी उचलला असता आणि हे सगळं तिथेच संपलं असतं. हे मला खूप उशिरा उमजलं, आणि या सगळ्या प्रकारात मला सर्वात जास्त टोचतं ते हेच.

पैसे पाठवायचे होते बँकेतून बँकेत, लगेच पोचणारे. कार्डानं देऊ का विचारलं तर नाही. आणि खातं ताईंच्या नावावर नव्हतं. ‘माझी आजची मर्यादा संपली, वहिनीच्या खात्यात टाक.’ वहिनीचं म्हणून जे नाव पडद्यावर आलं ते मराठी सोडा, भारतीयही नव्हतं. नवरा म्हणाला, ‘अगं, हे कोण?’ मी म्हटलं, ‘आजकाल कुणाची वहिनी कुठलीही असते.’ हे वाक्य आता आमच्या घरात म्हणीसारखं वापरतात.

पैसे गेल्यावर दोन मिनिटांत चार पीडीएफ आल्या. प्रत्येकीवर आमची नावं, तारीख, खाली चौकोनी कोड. मी लगेच आभार मानले. तिकडून नमस्काराचे दोन हात आले.

चौथ्या तारखेला आम्ही मॅक्सच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, ब्लू लाइननं निघालो. ब्लूजला ब्लू लाइन, हा विनोद मी दरवर्षी करते. आईनं तिखटमिठाच्या पुऱ्या आणि मिरजेहून आणलेलं भडंग घेतलं होतं. गाडीत बाबांना सांगत होते, की हा महोत्सव १९८८ मध्ये सुरू झाला तो भुकेल्यांसाठी पैसे जमवायला, आणि पुढे कितीतरी वर्षं प्रवेश म्हणजे दहा डॉलर आणि डबाबंद अन्नाचे दोन डबे, ते सगळं फूड बँकेला जायचं. बाबा म्हणाले, ‘म्हणजे शिधा.’ मग म्हणाले, ‘आमच्याकडे दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं मैफली होतात, त्यालाही कधी तिकीट नसतं.’ आता इथे तिकीट असतं हे सांगायला मला उगाचच अवघडल्यासारखं झालं.

फाटकावर पिशव्या तपासून झाल्या. आतून ढोल आणि बासचा ठोका पोटात जाणवत होता. मी फोन पुढे केला. यंत्र लाल झालं. त्या स्वयंसेवक बाई म्हणाल्या, हा पास आधीच वापरला गेलाय. दुसरा दाखवला, तोही लाल. तिसरा, चौथा. मग त्यांनी माझा आणि नवऱ्याचा फोन शेजारी शेजारी धरला, पीडीएफ मोठी केली आणि बोट ठेवलं. नावं चार वेगवेगळी, पण कोडखाली बारीक अक्षरात जो क्रमांक होता तो चारही पासांवर एकच. एक खरं तिकीट कुणीतरी घेतलं होतं आणि त्याच्यावर फक्त नावं बदलून ते वाटत सुटलं होतं. चौकोनी कोड सगळे सारखेच दिसतात, तेव्हा चार वेगळे आहेत की एकच आहे हे बघायचं कुणाला सुचतं? ‘आज या क्रमांकाचे तुम्ही तिसरे’, त्या म्हणाल्या, आणि खरंच वाईट वाटल्यासारख्या म्हणाल्या.

मागे रांग होती. एक छोटी मुलगी आमच्याकडे टक लावून बघत होती. आईनं हळूच विचारलं, ‘आपलं काही चुकलं का गं?’ परदेशात आलेल्या आईला फाटकावरून परत फिरवायची वेळ कुणावर येऊ नये.

नवरा खिडकीवर नवीन तिकिटं काढायला निघाला. बाबांनी अडवलं. ‘एकदा दिलेत तेवढे पुरे. नदीला पलीकडचा काठ आहे की नाही?’

हॉथॉर्न पुलावरून चालत निघालो. १९१० चा पूल आहे, मधला भाग उभाच्या उभा वर उचलला जातो. गाड्यांच्या वाटेवर लोखंडी जाळी आहे, त्यावरून टायर गेले की पूल गुणगुणतो. बाबा मध्येच थांबले, कान दिला. ते सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर वाढलेले, त्यांना तंबोरा जुळवताना ऐकायची सवय. म्हणाले, ‘पुलानं षड्ज लावलाय.’ मी रडायच्या बेतात होते, तिथेच हसू आलं.

पूर्वेच्या काठाला नदीलगत चालायचा रस्ता आहे, ईस्टबँक एस्प्लनेड. थोडा भाग तर पाण्यावर तरंगतो. तिथे आमच्यासारखे बरेच होते, फसलेले नव्हे, शहाणे. पाण्यावरून आवाज येतो तेव्हा शब्द वाटेतच विरतात, पण गिटार आणि हार्मोनिका पोचतात. कुणी तरी काचेची नळी तारांवरून घसरवत होतं. बाबा म्हणाले, ‘ही मींड.’ मग बऱ्याच वेळानं, भडंगाचा बकाणा संपवून, ‘हा गांधार बघ, कोमल नाही आणि शुद्धही नाही. मधल्या जागेत उभा आहे.’ ब्लूजवाले त्याला ब्लू नोट म्हणतात हे मी सांगितलं. गाणाराही पहिली ओळ दोनदा म्हणतो आणि तिसरीत उत्तर देतो, तेही सांगितलं. दहाच्या सुमारास नदीवर आतषबाजी झाली ती आम्हाला फुकट दिसली. आईचा मूड मात्र परत आला नाही तो नाहीच.

रात्री घरी आल्यावर मी ताईंना साधा फोन लावला. त्यांनी पहिल्या रिंगला उचलला. झालं होतं असं, की २८ तारखेला दुपारी त्यांना एका ओळखीच्या माणसाचा मेसेज आला होता, ‘माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्या फोनवर गेलाय, जरा पाठवता?’ त्या ओळखीच्या माणसाचं खातंही आधीच चोरीला गेलेलं. ताईंनी आकडे पाठवले, आणि त्या आकड्यांनी त्यांचंच व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या फोनवर उघडलं. ग्रुपमधली ताजी चौकशी चोरासमोरच आली. शिकार शोधायला जायची गरजच पडली नाही, मीच तिथे पाटी लावून उभी होते.

आणि हे ऐका. २९ जूनच्या सकाळीच ताईंनी ॲडमिनकरवी ग्रुपवर कळवलं होतं, माझ्या नावानं कुणी पैसे मागितले तर देऊ नका. तो मेसेज पाच दिवस तिथेच होता. मी ग्रुप म्यूट केला होता, कारण सकाळी उठून चाळीस गुलाबाची फुलं बघवत नाहीत. आणखी दोन घरांनी पास घेतले होते. त्यांनी तो मेसेज वाचला, पैसे गेले असं समजून घरी बसले. आई-वडिलांना घेऊन फाटकापर्यंत जाणारी फक्त मी.

बँकेला फोन केला तर एकच प्रश्न, पाठवण्याचं बटण तुम्हीच दाबलंत ना? हो. मग फार काही होत नाही. इथला कायदा तुमच्या परवानगीशिवाय खात्यातून गेलेल्या पैशांना संरक्षण देतो. फसून का होईना, स्वतःच्या हातानं पाठवलेत तर बँक सहसा हात वर करते. क्रेडिट कार्डावर दिले असते तर तक्रार करून वाद घालता आला असता, आणि नेमकं कार्ड त्याला चालत नव्हतं. तीन ओळींचं नकाराचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. एफटीसी या ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संस्थेकडे आणि एफबीआयच्या आयसीथ्री या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली, पैसे त्यानं परत आले नाहीत. भारतात असं झालं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा असं माझ्या पुण्यातल्या भावानं सांगितलं, तिथे पहिल्या काही तासांत पैसे वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते.

ताई निम्मे पैसे द्यायला निघाल्या होत्या. घेतले नाहीत. त्यांनी चकल्या पाठवल्या, सोबत चिठ्ठी, देवनागरीत, एकही चूक नाही. व्हॉट्सॲपला त्यांनी आता टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावलाय आणि दिसेल त्याला लावायला सांगतात. तुम्हीही सेटिंगमध्ये जाऊन लावा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि पास खरा असेल तर विकणारा तो बहुतेक वेळा तिकिटाच्या ॲपमधूनच तुमच्या नावावर करून देऊ शकतो. नुसती पीडीएफ पाठवतो म्हणाला तर थांबा.

मी आता पैसे पाठवण्याआधी साधा फोन लावते आणि मराठीत बोलते. मागच्या पंधरवड्यात मंडळाच्या खजिनदारांचा मेसेज आला, नाटकाच्या तिकिटांचे ६० डॉलर पाठवा. लावला फोन. ‘काका, तुम्हीच ना?’

‘मीच आहे हो,’ ते वैतागून म्हणाले, ‘तुम्ही सकाळपासून विचारणाऱ्या अकराव्या. पाठवा आता.’

पाठवले.